‘जाईल’, ‘जावं’, ‘गेला असता’: मराठीच्या वाटेने इंग्रजी मोडलपर्यंत

मी एकदा एका मेलमध्ये लिहिलं, ‘आय वुड बी कमिंग ऑन मंडे.’ येणं पक्कं होतं, तिकीट हातात होतं. पलीकडून एका शब्दाचं उत्तर आलं: ‘इफ?’ माझी समजूत अशी, की ‘वुड’ म्हणजे ‘विल’चंच जरा अदबशीर रूप. वाचणाऱ्याला मात्र त्यात ‘आलो असतो, पण...’ असं काहीतरी दिसलं आणि तो त्या ‘पण’ची वाट बघत बसला.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. शाळेत आपण ‘कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित’ असा तक्ता पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर त्या तक्त्यावरच चालतो. तो खोटा नाही, अपुरा आहे. मोडल म्हणजे मुख्य क्रियापदाला शक्यता, सक्ती, परवानगी अशी छटा देणारे छोटे शब्द. मूळ मोडल नऊच: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. मराठीत मात्र यांच्या बरोबरीचे नऊ शब्द शोधून सापडत नाहीत, कारण हे काम मराठी शब्दांवर सोपवतच नाही. क्रियापदाच्या शेपटीवर सोपवते. जातो, जाईल, जावं, जायचा, गेला असेल, गेला असता. शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ शिकवले होते, आठवतं? त्यातले शेवटचे दोन म्हणजे जवळजवळ मोडलचंच घर. इंग्रजी क्रियापदाची शेपूट शतकांच्या ओघात झिजून गेली, म्हणून तेच काम आता पुढे उभ्या केलेल्या छोट्या शब्दाकडून करून घेतलं जातं.

तेव्हा ‘शकणे’ला इंग्रजी शब्द कोणता, हे विचारणं सोडा. मनातल्या मराठी वाक्याची शेपूट बघा आणि त्या शेपटीला इंग्रजीत काय लागतं ते शोधा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका सवयीच्या आहेत.

पायरी १: आधी सांगाडा पक्का करा

हा भाग रुक्ष आहे, पण एकदाच करायचा आहे. मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, नुसतं, काहीही न चिकटवता. ‘शी कॅन ड्राइव्ह.’ ‘कॅन ड्राइव्ह्ज’ नाही, ‘कॅन्स ड्राइव्ह’ नाही, ‘कॅन टू ड्राइव्ह’ तर नाहीच. प्रश्न करताना मोडल पुढे येतं: ‘कॅन शी ड्राइव्ह?’ नकारात मागे ‘नॉट’ लागतो. ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ यांना इथे काम नाही.

‘ही’, ‘शी’ला सगळीकडे लागणारा ‘एस’ इथेच का लागत नाही, असा प्रश्न पडत असेल तर त्याचं उत्तर मजेशीर आहे. कॅन, मे, शॅल ही रूपं फार फार जुन्या काळी भूतकाळाची होती. पुढे ती वर्तमानात वापरात आली, पण अंगावरचे कपडे भूतकाळाचेच राहिले. ‘ही वेंट’ला आपण ‘एस’ लावतो का? तसंच हे.

मराठी माणसाचा पाय इथे दोन ठिकाणी घसरतो. पहिली जागा ‘मस्ट टू गो’. आपल्या डोक्यात ‘जायला पाहिजे’ असतं आणि त्या ‘ला’ला आपण ‘टू’ बहाल करतो. मस्टला तो चालत नाही. ‘ऑट टू’ आणि ‘हॅव टू’ यांना मात्र तो लागतोच, पण ती मंडळी या नऊ जणांच्या पंगतीतली नाहीत. दुसरी जागा ‘आय विल कॅन कम’. मनात असतं ‘येऊ शकेन’. त्यात ‘शक’ आहे आणि ‘एन’ही आहे, म्हणून दोन मोडल एकापुढे एक मांडली जातात. प्रमाण इंग्रजीत एका क्रियापदापुढे एकच मोडल. दुसरा अर्थ वेगळ्या शब्दांत सांगायचा: ‘आय विल बी एबल टू कम.’ गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेत ‘माइट कुड’ अशी जोडगोळी बोलण्यात सर्रास ऐकू येते. ती त्यांची बोली. आपण परीक्षेत किंवा अर्जात तिच्या वाटेला जाऊ नये.

पायरी २: ‘पाहिजे’ आलं की विचारा, जोर कुणाचा?

‘मला जायला पाहिजे’ या मराठी वाक्यात तीन इंग्रजी वाक्यं दडलेली असतात.

जाणं बरं, शहाणपणाचं, पण नाही गेलं तरी आभाळ कोसळणार नाही, अशा वेळी ‘आय शुड गो.’ जोर बाहेरून आहे, नियम आहे, वरिष्ठांनी बोलावलंय, गाडी सुटेल, अशा वेळी ‘आय हॅव टू गो.’ हे आपलं ‘जावं लागतंय’. आणि बोलणाराच स्वतःच्या मनाने ठासून सांगतो आहे, गेलंच पाहिजे, तेव्हा ‘आय मस्ट गो.’ रोजच्या बोलण्यात ‘हॅव टू’ आणि ‘मस्ट’ यांच्यातली भिंत बरीच पातळ आहे. नवख्याने गोंधळ झाला की ‘हॅव टू’ उचलावं. ‘यू मस्ट’ समोरच्याला हुकमासारखं लागू शकतं, अपवाद प्रेमळ आग्रहाचा: ‘यू मस्ट रीड धिस!’ म्हणजे आपलं ‘वाचच तू हे!’

शुड आणि मस्टमधला फरक किती गंभीरपणे घेतला जातो, त्याचे दोन दाखले. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तिकेत, हायवे कोडमध्ये, कायद्याने बंधनकारक असलेले नियम ठळक मोठ्या अक्षरांतल्या ‘मस्ट’ने सांगितले जातात. तो मोडला तर गुन्हा. ‘शुड’वाला नियम मोडला तर तेवढ्यावरून खटला होत नाही, पण न्यायालयात तो तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला जाऊ शकतो. दुसरा दाखला इंटरनेटचा. त्याची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ नावाचा छोटा दस्तऐवजच काढला, फक्त असे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे ते ठरवण्यासाठी. मस्ट म्हणजे अजिबात सूट नाही. शुड म्हणजे सबळ कारण असेल, परिणामांचा विचार केला असेल, तर बाजूला ठेवता येईल. मे म्हणजे खरोखर ऐच्छिक. मला स्वतःला हे तीन शब्द शाळेपेक्षा या दस्तऐवजाने जास्त नीट समजावले.

आता नकार. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे ‘येऊ नका’, सरळ मनाई. ‘यू डोंट हॅव टू कम’ म्हणजे ‘यायची गरज नाही, आलात तरी चालेल’. होकारात शेजारी असलेली ही दोन रूपं नकारात दोन टोकांना जातात. आपल्या ‘यायला नको’मध्ये दोन्ही छटा मिसळलेल्या असतात, सूर ऐकून आपण त्या वेगळ्या करतो. लिहिताना सूर नसतो. एखाद्या पाहुण्याचा त्रास वाचावा म्हणून तुम्ही ‘यू मस्ट नॉट कम टू द स्टेशन’ लिहिलंत, तर तो बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत बसेल. आधी मराठीतच ठरवा: ‘नये’ की ‘गरज नाही’? ‘नये’ असेल आणि सल्ला असेल तर ‘शुड नॉट’, मनाई असेल तर ‘मस्ट नॉट’. ‘गरज नाही’ असेल तर ‘डोंट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’.

भूतकाळात बंधन सांगताना मस्ट कामाचं नाही. ‘जावं लागलं’ला ‘हॅड टू गो’ एवढंच. ‘मस्ट हॅव गॉन’ असं कुणी म्हणालं तर अर्थ पार बदलतो. तो कसा, ते पुढे.

पायरी ३: ‘असेल’ आलं की विचारा, खात्री किती?

‘तो घरी असेल.’ मराठीत हे वाक्य ऐंशी टक्के खात्रीलाही चालतं आणि नुसत्या अंदाजालाही. हवं तर आपण मागेपुढे ‘बहुतेक’, ‘कदाचित’, ‘नक्की’ लावतो. इंग्रजीत ती मोजपट्टी मोडलमध्येच बसवलेली आहे.

दिवा चालू दिसतोय, दाराशी चपला आहेत: ‘ही मस्ट बी ॲट होम.’ इथे मस्ट म्हणजे सक्ती नव्हे, ‘असणारच’. रोज या वेळी असतो, म्हणून आताही असायला हवा: ‘ही शुड बी ॲट होम बाय नाऊ.’ बघा, आपलं ‘हवा’ही इथे तसंच वागतं. ‘अभ्यास करायला हवा’ यात कर्तव्य आणि ‘एव्हाना पोचायला हवा’ यात अपेक्षा, शब्द एकच. शुडचं अगदी तसंच. असेल किंवा नसेल, सांगता येत नाही: ‘मे बी’, ‘माइट बी’, ‘कुड बी’. या तिघांत बारकावे शोधणारे बरेच भेटतील. बोलताना तिन्ही जवळजवळ सारखीच चालतात, माइट थोडं जास्त साशंक, एवढं पुरे.

आणि ‘असूच शकत नाही’? तिथे ‘कान्ट बी’. ‘मस्ट बी’च्या समोर ‘कान्ट बी’ उभं राहतं.

नकारात शकणे आणि कॅन इतके छान जुळले, की आपण होकारातही तेच करतो आणि फसतो. ‘तो घरी असू शकतो’ याचं ‘ही कॅन बी ॲट होम’ होत नाही. या क्षणी, या एका माणसाबद्दल अंदाज करताना होकारी वाक्यात कॅन येत नाही. ‘ही कुड बी’ किंवा ‘ही मे बी’ म्हणा. कॅन येतं ते सर्वसाधारण शक्यतेसाठी, म्हणजे एखादी गोष्ट कधीकधी अशी असते हे सांगायला: ‘विंटर्स कॅन बी हार्श’, हिवाळे कडक असू शकतात. वाक्यात ‘कधीकधी’ घालून बघा. अर्थ टिकला तर कॅन चालेल, नाहीतर कुड.

पायरी ४: ‘शकलो’ आणि ‘कुड’ यांचं भांडण

कुड हा कॅनचा भूतकाळ, असं आपण शिकलो. ‘लहानपणी मी झाडावर चढू शकत असे’, इथे ‘आय कुड क्लाइंब ट्रीज’ बरोबर आहे, कारण ते अंगात असलेलं कसब आहे. पण ‘काल बराच वेळ झटापट केली आणि शेवटी मी कुलूप उघडू शकलो’ ही एकदाच घडलेली, तडीस गेलेली गोष्ट. इथे ‘आय कुड ओपन द लॉक’ म्हटलं तर ऐकणारा अडखळतो: उघडलं, की उघडता आलं असतं? ‘आय वॉज एबल टू ओपन’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू ओपन’ म्हणा. किंवा सरळ ‘आय ओपन्ड द लॉक’. मराठीतही खरं तर ‘उघडलं’ एवढं पुरतं.

नकारात ही कटकट नाही. ‘आय कुडन्ट ओपन इट’ निर्धास्तपणे वापरा. बघणे, ऐकू येणे, वास येणे यांनाही सूट आहे: ‘आय कुड हिअर देम.’

पायरी ५: मागताना, विचारताना

‘जरा दार लावता का?’ यात ‘जरा’ आहे, ‘ता’ आहे, ‘का’ आहे. आदर आणि मऊपणा सगळा तिथे. तोच माणूस इंग्रजीत ‘क्लोज द डोअर प्लीज’ म्हणतो आणि आपण प्लीज लावलं म्हणून निश्चिंत होतो. पण त्या वाक्याची हाडं आज्ञार्थाचीच आहेत, ‘दार लाव, कृपया’. मराठीत तुम्ही प्रश्न विचारला होता, इंग्रजीतही प्रश्नच विचारा. ओळखीच्याला ‘कॅन यू क्लोज द डोअर?’, परक्याला किंवा मोठ्याला ‘कुड यू’ किंवा ‘वुड यू’. इथे कुड आणि वुड यांचा भूतकाळाशी संबंध नाही. एक पाऊल मागे सरकून बोलणं म्हणजे अदब, एवढाच त्याचा अर्थ. ‘विल यू क्लोज द डोअर?’ मात्र जपून, जरा आवाज चढला की ते ‘लावतोस का आता?’ असं ऐकू येतं.

परवानगीसाठी ‘कॅन आय’, ‘कुड आय’, ‘मे आय’. शाळेत ‘मे आय कम इन’ इतकं घोटून घेतलं जातं, की मोठेपणी ‘कॅन आय’ म्हणणं उद्धट वाटतं. तसं काही नाही. मे औपचारिक आहे, कॅन रोजचं. पण उत्तर देताना एक खाच आहे: ‘कुड आय सिट हिअर?’ला ‘येस, यू कुड’ म्हणू नका. विचारणारा मागे सरकून अदबीने विचारतो, देणाऱ्याने सरळ द्यायचं: ‘येस, यू कॅन’, किंवा नुसतं ‘ऑफ कोर्स’. ‘येस, यू कुड’ ऐकलं की माणूस पुढच्या ‘बट’साठी थांबतो, माझ्या त्या मेलसारखाच.

शॅलबद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. करारांत आणि कायद्यांत ते भेटतं. रोजच्या बोलण्यात त्याची एक जागा शाबूत आहे, आणि ती मराठीशी तंतोतंत जुळते: ‘खिडकी उघडू का?’ म्हणजे ‘शॅल आय ओपन द विंडो?’, ‘निघू या का?’ म्हणजे ‘शॅल वी गो?’

पायरी ६: ‘असता’, ‘जायचा’ आणि वुडचे अवतार

वुड हा बहुरूपी आहे, पण मराठी शेपट्यांनी त्याला पकडता येतं.

‘आलो असतो’ असेल तर ‘वुड हॅव कम’. ‘दर रविवारी आम्ही नदीवर जायचो’ असेल तर ‘वी वुड गो’ किंवा ‘वी यूज्ड टू गो’. सवय कृतीची असेल तर दोन्ही चालतात. पण ‘इथे एक मोठं झाड होतं’ ही कृती नव्हे, स्थिती आहे. तिथे ‘देअर यूज्ड टू बी अ ट्री’ असंच. ‘येईन म्हणाला होता’ असेल तर ‘ही सेड ही वुड कम’, विल एक पायरी मागे गेलं म्हणून वुड झालं. आणि ‘मला आवडेल’ असेल तर ‘आय वुड लाइक’. यातलं काहीच नसेल, नुसतं ‘मी सोमवारी येणार आहे’ असेल, तर वुडला हात लावू नका. ‘आय विल कम’ किंवा ‘आय ॲम कमिंग’. अदब दाखवण्याच्या नादात ठरलेल्या बेताला वुड लावलं की बेतच डळमळीत होतो.

संकेतार्थात एक सापळा आहे. ‘मला कळलं असतं तर मी आलो असतो.’ मराठीत दोन्ही बाजूंना ‘असतं’, ‘असतो’, म्हणून इंग्रजीत दोन्हीकडे वुड घालावंसं वाटतं. ‘इफ’च्या बाजूला ते येत नाही: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ जरतरमधला ‘तर’ वुडला घेतो, ‘जर’ घेत नाही, असं मी स्वतःला बजावत असतो.

झालेल्या गोष्टींबद्दल बोलायचं तर मोडल, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मराठी शेपटी समोर ठेवली की हे अवघड राहत नाही. गेला असणार: ‘मस्ट हॅव गॉन.’ कदाचित गेला असेल: ‘माइट हॅव गॉन.’ जाऊ शकला असता: ‘कुड हॅव गॉन.’ जायला हवं होतं, पण गेला नाही: ‘शुड हॅव गॉन.’ गेला असणं शक्यच नाही: ‘कान्ट हॅव गॉन.’ आता मघाचं कोडं सुटलं असेल. ‘हॅड टू गो’ ही सक्ती, ‘मस्ट हॅव गॉन’ हा तर्क. पुढे ‘ही’ असो वा ‘शी’, मोडलनंतर ‘हॅव’च राहतं, ‘हॅज’ होत नाही.

पायरी ७: कानाची तयारी

कुड, शुड, वुड लिहिताना मध्ये ‘एल’ येतो, बोलताना त्याचा उच्चार करायचा नाही. शुड आणि वुडमधला ‘एल’ शॅल आणि विलकडून वारशाने आलेला आहे, पूर्वी तो उच्चारलाही जाई. कुडमध्ये मात्र तो कधीच नव्हता, दोघा भावंडांकडे बघून मागाहून स्पेलिंगमध्ये घातला गेला.

‘शुड हॅव’ बोलताना ‘शुडव्ह’ होतं. ते कानाला ‘शुड ऑफ’सारखं लागतं आणि खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेलेही तसं चुकीचं लिहून बसतात. आपण व्याकरणातून आलेले असल्यामुळे ही चूक सहसा करत नाही. तेवढं एक समाधान.

सर्वांत जास्त त्रास देते ती कॅन आणि कान्टची जोडी. ब्रिटिश बोलण्यात ‘कान्ट’चा लांब ‘आ’ मदतीला येतो. अमेरिकन ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ बहुतेकदा गिळला जातो, मग त्या ‘ट’ची वाट बघून उपयोग नाही. स्वर ऐका. होकारी वाक्यात कॅन आखडून ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: ‘आय कन गो.’ नकारात ‘कॅन’ पूर्ण, ठसठशीत उच्चारला जातो. म्हणूनच आपण होकारात प्रत्येक कॅन स्वच्छ आणि ठासून म्हटला की अमेरिकन माणसाला नेमका नकार ऐकू येण्याची भीती असते. बोलताना होकारी कॅन हलका ठेवा, आणि नकार द्यायचा असेल, त्यातही फोनवर किंवा तारीख, वेळ, पैसे यांची बोलणी चालू असताना, तर ‘कान्ट’ सोडून सरळ ‘कॅनॉट’ म्हणा. समोरच्याचं कळलं नाही तर ‘सॉरी, कॅन ऑर कॅनॉट?’ विचारा. हा प्रश्न त्यांचे ते लोकही एकमेकांना विचारतात.